‘नेट गेलंय’ म्हणून फोन करण्याआधी

संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ माझा फोन खाली ठेवायची सोय नसते. मुलं क्लासवरून आलेली असतात, मालिका सुरू झालेल्या असतात, आयपीएलचे दिवस असले तर विचारूच नका. फोन उचलला की पलीकडून एकच वाक्य : "दादा, नेट गेलंय."

मी साताऱ्यात बारा वर्षं घराघरांत इंटरनेटची लाइन जोडतो आणि बिघडली की दुरुस्त करतो. आधी गच्च्यांवरून लॅनच्या (तांब्याच्या तारांच्या) केबली ओढायचो, आता फायबर ओढतो. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरचं खोदकाम चाललं होतं तेव्हा रोज कुठे ना कुठे वायर तुटायची, ते दिवस सोडले तर माझा अनुभव असा की बहुतेक वेळा नेट गेलेलं नसतंच. वायफाय खोलीपर्यंत पोचत नसतं, किंवा ॲडॅप्टर मेलेला असतो, किंवा घरातल्या कुणीतरी टाचणी घातलेली असते. टाचणीचं पुढे सांगतो.

लाइन वेगळी आणि वायफाय वेगळं, एवढं आधी डोक्यात बसवा. नगरपालिकेचं पाणी तुमच्या टाकीत आलं, ही झाली लाइन. टाकीतून माडीवरच्या नळाला धार येते का, ते वायफाय. नळाला धार नाही म्हणून नगरपालिकेत भांडायला गेलात तर तिथला माणूस आधी विचारणार, टाकीत पाणी आहे का? मीही तेच विचारतो, फक्त माझ्या टाकीला दिवे असतात.

दिव्यांची भाषा

फायबरच्या बॉक्सवर (बहुतेक घरांत हाच राउटर) साधारण पाच दिवे असतात : पॉवर, पॉन (PON), लॉस (LOS), इंटरनेट आणि वायफाय. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण ‘लॉस’ जवळपास सगळ्यांवर असतो आणि तो बंद असलेलाच चांगला. बरेच लोक तो पेटत नाही म्हणून तक्रार करतात.

एकही दिवा नाही : वीज पोचत नाही. आधी बॉक्सच्या मागचं चालू-बंदचं बटण बघा, मग ॲडॅप्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. एकदा शाहूपुरीत तीन जिने चढून गेलो आणि भिंतीवरचं बटण दाबून परत आलो. मोलकरणीने झाडताना बंद केलं होतं. चहा मिळाला, पण तासभर गेला.

लॉस लाल होऊन लुकलुकतोय : फायबरमधून उजेड येत नाही. बॉक्सच्या मागे बोटाच्या पेराएवढा हिरवा कनेक्टर असतो, तो सैल झालाय का बघा आणि हलकेच आत दाबा. मग त्या बारीक वायरीवरून नजर फिरवत भिंतीपर्यंत जा. सोफ्याचा पाय वर आलाय का, दारात चिमटली आहे का, कुणी सुतळीसारखी गाठ मारून ठेवली आहे का? आत केसाएवढी काच असते. माझा हिशेब सोपा आहे : बांगडीपेक्षा लहान वळसा द्यायचा नाही. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात माझ्याकडे लॉसच्या तक्रारी रांगेने येतात, कारण वर्षभर न हललेलं कपाट त्याच आठवड्यात हलतं.

कनेक्टर बाहेर आलाच तर त्याचं टोक डोळ्यासमोर धरून ‘उजेड येतोय का’ असं बघू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो. टोकाला बोटही लावू नका. बोटाचं तेल आणि धूळ एवढ्यानेही सिग्नल पडतो, मग मला ते पुसायला यावं लागतं.

पॉन लुकलुकतोय, लॉस बंद : बॉक्स आमच्या मशीनशी ओळख पटवायचा प्रयत्न करतोय. पाच मिनिटं थांबा.

पॉन स्थिर, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला : तुमच्या घरापर्यंत सगळं ठीक आहे. रिचार्ज संपलाय का ते बघा. लाजू नका, मी स्वतःच्या घरचा रिचार्ज दोनदा विसरलोय. रिचार्ज असेल तर दोष आमच्याकडचा.

आणि सगळे दिवे जागच्या जागी, तरी मोबाईलवर चकरी फिरतेय? मग बॉक्सशेजारी जाऊन उभे राहा. तिथे चालत असेल आणि बेडरूममध्ये चालत नसेल तर प्रश्न भिंतींचा आहे, लाइनचा नाही.

ॲडॅप्टर

गोडोलीतल्या एका घरात राउटर रोज रात्री नऊच्या सुमारास बंद पडायचा. आपोआप चालूही व्हायचा. मी लाइन तपासली, कनेक्टर बदलला, शेवटी बॉक्सही बदलला. तिसऱ्या फेरीत नजर ॲडॅप्टरवर गेली. मूळचा हरवला होता आणि त्यांनी जुन्या सेट टॉप बॉक्सचा लावला होता. पिन बरोबर बसत होती, व्होल्टही १२ होते, पण ॲम्पिअर अर्धा. दिवसा एकटे आजोबा बातम्या बघायचे तोवर भागायचं. रात्री घरातले पाच फोन आणि टीव्ही एकदम जोडले गेले की बॉक्सला जास्त वीज लागायची आणि तो दम टाकायचा.

म्हणून नियम असा : ॲडॅप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढा किंवा जास्त. बॉक्सच्या पोटाखाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट, काही जुन्या राउटरना ९ व्होल्ट. ९ च्या राउटरला १२ चा लावला तर तो जळू शकतो. तीन-चार वर्षं वापरलेला ॲडॅप्टर आतून थकतोही, दिवा लागतो पण जोर नसतो. राउटर दिवसातून दोन-चार वेळा स्वतःहून बंद-चालू होत असेल, म्हणजे सगळे दिवे एकदम विझून परत एकेक करून लागत असतील, तर मला बोलावण्याआधी ॲडॅप्टर बदलून बघा.

लाइट जाते तिथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. फायबरला मधे वीज लागत नाही, त्यामुळे आमच्याकडचं मशीन चालू असेल आणि तुमच्या बॉक्सला वीज मिळत असेल तर गावात अंधार असला तरी नेट चालतं. घेताना तोच व्होल्टचा नियम.

टाचणी

राउटरच्या मागे किंवा खाली एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मोबाईलवर कुठेतरी ‘नेट स्लो असेल तर रिसेट करा’ असं बघून लोक हे करतात. घरात इंजिनिअरिंगला असलेला भाचा असला की हमखास.

पण नेट चालायला तुमच्या नावाचा एक आयडी आणि पासवर्ड बॉक्समध्ये आम्ही भरलेला असतो. तो वायफायचा पासवर्ड नव्हे, वेगळा असतो. रिसेट केलं की तोही पुसला जातो. मग सगळे दिवे सुंदर लागतात, इंटरनेटचा मात्र नाही. काही कंपन्यांच्या बॉक्समध्ये ती माहिती वरून आपोआप भरली जाते, पण लहान गावातल्या बहुतेक लाइनींवर माणूसच यावा लागतो. तो रविवारी येत नाही.

बंद करून चालू करणं म्हणजे रिसेट नव्हे. ते खुशाल करा : बटण बंद, एक मिनिट थांबा, बटण चालू, तीन मिनिटं हात लावू नका. टाचणी मात्र शिवणाच्या डब्यात राहू द्या. आणि आजच, नेट चालू असतानाच, तो आयडी-पासवर्ड आपल्या लाइनवाल्याकडून मागून डायरीत लिहून ठेवा. तो तुमच्याच जोडणीचा आहे, मागायला संकोच कसला.

राउटर कुठे ठेवायचा

माझी सगळ्यात जास्त भांडणं याच विषयावर झालेली आहेत. ग्राहकाला राउटर दिसायला नको असतो. टीव्हीच्या युनिटमध्ये, दाराच्या मागे, लोखंडी कपाटावर, एकदा तर देवघराच्या खालच्या खणात ठेवलेला होता. धूळ बसू नये म्हणून वर क्रोशाचा रुमाल. रुमालाने सिग्नल अडत नाही, पण राउटर तापतो. हिवाळ्यात त्या उबेला मुंग्या आणि पाली येतात, ते वेगळंच.

सिग्नलला काय अडवतं? लोखंड सगळ्यात जास्त. त्यामुळे लोखंडी कपाट, फ्रिज, पत्र्याचा माळा आणि मोठा आरसाही, कारण आरशाच्या मागे धातूचा पातळ थर असतो. नंतर पाणी : माशांची पेटी, भरलेलं पिंप. नंतर सळ्यांचं काँक्रीट. साधी विटेची भिंत त्या मानाने दयाळू. मायक्रोवेव्ह ओव्हन तर वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणून त्याच्या शेजारी राउटर असला की पोळी गरम होईपर्यंत व्हिडिओ अडकतो.

खरी परीक्षा जुन्या पेठांत असते. मंगळवार पेठेत एका वाड्यात काकू एकट्या राहतात. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि वर माडी. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, खाली काळा दगड. मुलगा पुण्याला. तो रोज रात्री व्हिडिओ कॉल करतो आणि काकूंना माडीवर झोपण्याआधी पलंगावर बसून बोलायचं असतं. राउटर मात्र ओसरीवर, कारण वायर तिथून आत आली. मुलाने ऑनलाइन महागडा, सहा अँटेना असलेला राउटर पाठवला, खेकड्यासारखा दिसणारा. माडीवर तरीही एकच काडी. दगडाला अँटेना मोजता येत नाहीत.

तिथे मी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण हे तुम्हालाही करता येईल. आधी मोबाईलवर वायफायचा जोर दाखवणारं ॲप टाकलं. आकडे उणे असतात : उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला नुसतं नाव दिसतं. प्रत्येक खोलीत उभं राहून आकडा कागदावर लिहिला. ओसरी ४०, माजघर ६६, जिन्याचा मधला टप्पा ७१, माडी ८४. मग राउटर माजघराच्या दारावरच्या फळीवर नेला, फायबर दहा-बारा मीटर वाढवून. एवढ्यानेच माडीचा आकडा ७४ वर आला.

अँटेनांचं एक लक्षात ठेवा. काडीवर मेदूवडा अडकवलाय असं समजा : काडी म्हणजे अँटेना आणि वडा म्हणजे सिग्नल. सिग्नल काडीच्या बाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेला जवळपास जात नाही. सगळ्या अँटेना सरळ उभ्या ठेवल्या तर त्याच मजल्यावर चांगला पसरतो आणि वरच्या मजल्याला उपाशी ठेवतो. दोन मजले असतील तर एक अँटेना आडवी करा. काकूंकडे आडवी केल्यावर माडीवर आणखी दोन-तीन आकड्यांचा फरक पडला. फार नाही, पण फुकट.

उरलेलं काम केबलने केलं. लोक अशा वेळी रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) आणतात आणि जिथे सिग्नल नाही तिथेच लावतात. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचाच तर मधल्या वाटेवर, सिग्नल अजून बरा असतो तिथे. स्वस्तातला रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. काकूंकडे तो खेकडा पडूनच होता. जिन्याच्या कडेने, तुळईच्या पोटातून एक लॅन केबल माडीवर नेली आणि खेकडा वर बसवला.

दुसरा राउटर असा जोडताना सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर तीन गोष्टी करा. त्याचा पत्ता पहिल्यापेक्षा वेगळा द्या, म्हणजे पहिला १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ (टाइप करताना आकडे इंग्रजीत). त्याचं डीएचसीपी बंद करा, नाहीतर दोघेही पत्ते वाटायला बसतात आणि घोळ होतो. आणि केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) नव्हे, लॅनच्या भोकात लावा. दोन्हींना वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला की फोन खाली-वर जाताना बहुधा स्वतःच बदलून घेतो.

काकूंच्या माडीवर आता उणे ४५ येतात. खर्च केबलचा आणि माझ्या दुपारचा.

दोन नावं कशाला

नव्या राउटरमध्ये दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंती त्यातल्या त्यात सोसतो, पण शेजारपाजारच्या सगळ्यांचे राउटर त्यावरच ओरडत असतात. ५ चा पल्ला कमी, वेग जास्त, गर्दी कमी. आपल्याकडे ५ च्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. टीव्ही आणि लॅपटॉप राउटरच्या खोलीत असतील तर त्यांना ५ वर टाका. स्वस्तातले वायफायचे बल्ब, कॅमेरे, जुने प्रिंटर बहुतेक वेळा २.४ शिवाय काही ओळखत नाहीत. ‘बल्ब जोडला जात नाही’ म्हणून फोन येतो तेव्हा त्यांचा मोबाईल ५ वर असतो, एवढंच. मी दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देतो. राउटर आपोआप निवडतो असं कंपनी म्हणते, पण माझा अनुभव असा की मोबाईल शेवटच्या खोलीत गेल्यावरही ५ ला चिकटून बसतो.

सदरबझारात, जिथे इमारतीला इमारत टेकली आहे, तिथे २.४ चं चॅनेलही हाताने निवडा. १, ६ आणि ११ ही तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत. ॲपमध्ये शेजारी कुठल्यावर जास्त बसलेत ते दिसतं, त्यातलं मोकळं घ्या. ३ किंवा ४ वर गेलात तर दोन्ही बाजूंचा गोंगाट तुमच्या वाट्याला.

शंभरचे पैसे, बाराचा वेग

शाहूपुरीतले निवृत्त मास्तर गणित शिकवायचे. त्यांनी मला दारातच अडवलं : "शंभरचा प्लॅन दिलात, फाइल उतरवताना बारा दाखवतंय. बाकीचे अठ्ठ्याऐंशी कुठे गेले?" प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मोजली जाते मेगाबाइटमध्ये आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. मास्तरांनी तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला आणि मग मला बसायला खुर्ची दिली.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी २०० चा प्लॅन घेतला आणि परत फोन. आता चाचणीत ९४ येत होते, ९५ कधीच नाही. या वेळी मास्तर बरोबर होते. ९४ च्या आसपास काटा अडकला की समजायचं, मधे कुठेतरी १०० च्याच वेगाचं पोर्ट (केबल लावायचं भोक) आहे. किंवा पोर्ट हजाराचं आहे पण केबल धड नाही. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरला चार पुरतात, त्यापुढे आठही लागतात. आम्ही लाइनवाले पूर्वी चार तारांत काम उरकायचो, हे कबूल करतो. मास्तरांकडची ती केबल माझ्याच हातची होती. नवी टाकली, १९० च्या वर गेलं.

वेगाची चाचणी नेहमी केबलने, लॅपटॉपवर, बाकीचे फोन बंद ठेवून करा. वायफायवर, दोन खोल्या पलीकडून केलेली चाचणी मला दाखवून भांडू नका.

पासवर्ड

वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर ठेवू नका, तो दाराच्या पाटीवरही असतो. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा. राउटरच्या सेटिंगचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ बदला. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क असतं, ते वापरा. गणपतीत तीस जणांना मुख्य पासवर्ड वाटला की वर्षभर गल्ली फुकट बघते.

वळीव आणि फोन

एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग आले की बॉक्सचा ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा. बटण बंद करून भागत नाही. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण विजेच्या तारेतून येते आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याला गेलेल्या तांब्याच्या लॅन केबलीतूनही येते. तीही काढा. पूर्वी गच्च्यांवरून केबली होत्या तेव्हा एका वळवात माझ्याकडे जळक्या राउटरांची पिशवी भरायची.

आणि एवढं सगळं करूनही फोन करायची वेळ आली तर ‘नेट गेलंय’ म्हणू नका. कुठला दिवा कसा आहे, कधीपासून, बॉक्सशेजारी चालतं का, केबलने चालतं का आणि घरात काही हलवलंय का, एवढं सांगा. मग स्प्लायसिंगचं (तुटलेली फायबर जोडायचं) मशीन घेऊन निघायचं की नुसता ॲडॅप्टर खिशात टाकायचा, हे मला गाडीला किक मारण्याआधी कळतं. कॉल सेंटरला फोन केला असेल तर तक्रार क्रमांक लिहून घ्या. पुढे अपील करायचं झालं तर तो लागतो.

वाड्यातल्या काकूंनी दिव्यांची यादी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून राउटरशेजारी खिळ्याला अडकवली आहे. मागच्या श्रावणात रात्री पावणेनऊला त्यांचा फोन आला. "पॉवर आहे, पॉन हिरवा, थरथरत नाही. लॉस बंद. इंटरनेट लाल, आठ वाजून दहा मिनिटांपासून. रिचार्ज एकवीस तारखेपर्यंत आहे. मी काही हलवलेलं नाही. तुमच्याच खोलीत बघा काहीतरी."

बघितलं. आमच्या स्विचचा ॲडॅप्टर गेला होता.